बाळाच्या खोलीसाठी कोणता नाईट लॅम्प आणि कोणता बेबी मॉनिटर घ्यावा?

मॉनिटरचं नंतर. आधी पाळण्यावरचा निळा झिरोचा बल्ब काढा.

निळा उजेड शांत वाटतो म्हणून घरोघरी तो लावतात आणि मला ते मुळीच पटत नाही. झोप आणणारं मेलॅटोनिन सगळ्यात जास्त दबतं ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडानेच. बाळाचं दिवसरात्रीचं चक्र बसायला तीनेक महिने लागतात. तोवर रात्रीतून तीन-चारदा उठून पाजणाऱ्या आईची झोपही त्याच बल्बखाली उडते.

अर्ध्या वॉटचा लाल किंवा अंबर (पिवळट नारिंगी) एलईडी घ्या. पांढराच हवा तर २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर; ६५०० चा निळसर पांढरा नको. छताला लावू नका. बाळ उताणं झोपतं, छतच त्याच्या डोळ्यांसमोर असतं. गादीपेक्षा खालच्या प्लगला, कपाटाच्या आडोशाला लावा. मग बाळाच्या जागी डोकं टेकवून बघा. बल्ब दिसला तर जागा चुकली. साधा एलईडी डिमरवर लुकलुकतो, तो खटाटोप नको.

‘पण निळा दिवा काविळीला चांगला ना?’ नाही! दवाखान्यातली फोटोथेरपी, म्हणजे उजेडाने काविळीवर उपचार, मोजलेल्या तीव्रतेची असते, उघड्या अंगावर, जवळून, डोळ्यांवर पट्टी बांधून देतात. झिरोच्या बल्बने बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं रक्तातलं पिवळं द्रव्य, उतरत नाही, उपचार मात्र लांबतो.

आता मॉनिटर. दार उघडं ठेवून रडणं ऐकू येत असेल तर घेऊच नका. घ्यायचाच तर बॅटरीवर चालणारा, स्वतःच्या स्क्रीनचा. वायफायचा कॅमेरा वीज गेली की राउटरबरोबर बंद पडतो. वायफायचाच असेल तर कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. वायर पाळण्यापासून किमान ३ फूट लांब ठेवा, गळ्याला फास बसू शकतो. कॅमेरा मच्छरदाणीला खेटून लावला तर अंधारात बघायला तो सोडतो तो न दिसणारा इन्फ्रारेड उजेड जाळीवरून परततो आणि स्क्रीनवर नुसतं पांढरं धुकं दिसतं. थोडा लांब, तिरका लावा. बाळाच्या पायात घालायच्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या मोज्यांच्या भरवशावर बाळाला पालथं झोपवू नका.

एक राहिलंच. अंबर उजेडात कावीळ दिसत नाही, लाल उजेडात ओठांचा निळसरपणाही कळत नाही. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी खिडकीपाशी बाळाचं कपाळ आणि छाती बोटाने दाबून बघा. बोट उचलल्यावर जागा पिवळी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.