एफडी मोडून अकादमीत? आधी मुलीची एनसीसी बघा

धायरीहून एका ताईंनी विचारलंय: "मुलगी एस.वाय.बी.कॉम.ला आहे, एनसीसीचंही दुसरं वर्ष. लष्करात अधिकारीच व्हायचं म्हणते. एका निवासी अकादमीने १४ महिन्यांचे २,१०,००० रुपये सांगितलेत. कॉलेज सोडून मुक्त विद्यापीठातून पदवी करा, म्हणजे पूर्ण वेळ तयारी होईल, असं ते म्हणतात. टोकन म्हणून ५,००० दिलेत. यजमानांची रिक्षा आहे, मी शिवणकाम करते. साडेतीन लाखांची एफडी मोडू का?"

ताई, मोडू नका. आणि कॉलेज तर मुळीच सोडवू नका.

अकादमी पैसे घेते ते मुख्यतः सीडीएसच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्यासाठी यूपीएससी घेते त्या लेखी परीक्षेच्या तयारीचे. आता गंमत बघा. तीन वर्षं एनसीसी पुरी करून 'सी' सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने मिळालं आणि पदवीला ५० टक्के असले, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून ही लेखी परीक्षा न देताच एसएसबीसाठी, म्हणजे लष्कराच्या निवड मंडळाच्या मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. मुलींच्या जागा मोजक्याच असतात, पण रांग वेगळी आहे. कॉलेज सोडलं की एनसीसी सुटली, म्हणजे 'सी'ही गेलं. दोन लाख भरून तुम्ही फुकटात मिळणारी सवलत घालवणार!

सीडीएस तिने तरीही द्यावी, दोन्ही दारं उघडी राहू देत. वर्षातून दोनदा होते, शेवटच्या वर्षात असताना फॉर्म भरता येतो आणि मुलींना फी नाही. मुलींना त्यातून चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत (ओटीएत) जाता येतं आणि ओटीएसाठी इंग्रजी व सामान्य ज्ञान असे दोनच पेपर लागतात. अकादमीच्या पत्रकात गणिताचे तास किती आहेत, ते जरा मोजा. ते तिच्या उपयोगाचे नाहीत. जुन्या प्रश्नपत्रिका, रोज पेपरवाचन आणि इंग्रजी कच्चं असेल तर त्याचा एखादा क्लास, एवढ्यावर लेखीचं भागतं. पळायला तळजाई टेकडी आहेच.

खरी चाळणी एसएसबीची. पाच दिवस चालते. पहिल्याच दिवशी चित्र बघून गोष्ट लिहायची, मग गटात चर्चा, आणि त्या संध्याकाळपर्यंत बरेच जण घरी. पुढे मानसशास्त्राच्या चाचण्या, मैदानावरची गटाची कामं, मुलाखत. हे १४ महिने घोकून येत नाही. कॅम्पमध्ये दहाजणींचं काम अंगावर घेताना जे अंगात येतं, तेच तिथे बघतात. तयारी हवीच असेल तर नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. लेखी पास झालेल्यांना किंवा 'सी' सर्टिफिकेटवर एनसीसीने एसएसबीसाठी शिफारस केलेल्यांना तिथे राहणं, जेवण, प्रशिक्षण सगळं मोफत. चौकशी पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा, मुलींसाठी सोय काय आहे तेही तिथेच विचारा. खासगी एसएसबी वर्ग लावायचाच तर बोलावणं हातात आल्यावर लावा, आधी नाही.

आता पैसे. रिक्षा दोन महिने गॅरेजला बसली तर घर याच एफडीवर चालणार आहे. म्हणून त्यातले दोन लाख अडीअडचणीचे समजून हात लावू नका. मुलीसाठी दरमहा दोन हजार बाजूला काढा. वर्षाचे २४,००० झाले. त्यात बूट, पुस्तकं, इंग्रजीचा क्लास आणि एकदा डोळे-दात दाखवून घेणं बसतं. हे शेवटचं टाळू नका, मेडिकलला अडलेली पोरं मी पाहिली आहेत. एसएसबीला पहिल्यांदा जाण्याचं रेल्वेभाडं परत मिळतं.

निवड झाली तर ओटीएत ४९ आठवडे, दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन. मात्र तो शॉर्ट सर्व्हिस कमिशन असतो: दहा वर्षं, वाढवून मिळाली तर चौदा. कायम कमिशन नाही मिळालं तर पेन्शन नाही. तेव्हा पहिल्या पगारापासून तिने एसआयपी लावायची, ते तिला मी समजावेन. निवड नाही झाली, तर हातात नियमित बी.कॉम. असेल, त्यावर नोकरी शोधता येते.

राहिलं ते ५,०००चं टोकन. लेखी अर्ज देऊन परत मागा, पोच घ्या. नाही म्हणाले तर सोडून द्या, आणि या रविवारी तिला परेडला वेळेवर पाठवा. सर्टिफिकेटच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते.