बोअरच्या जड पाण्यावर मिठाचा क्लोरिनेटर चालेल का?

तुम्ही विचारलंय की होटगी रोडला घरामागे २५ बाय १३ फुटांचा, सरासरी चार फूट खोल पूल आहे, पाणी बोअरचं आहे आणि रोज पावडर टाकायचा कंटाळा आलाय. तर मिठावर चालणारा क्लोरिनेटर घ्यावा का, कोणता घ्यावा आणि त्याची देखभाल किती.

सोलापुरात आणि आसपासच्या फार्महाउसवर पूल आणि सॉफ्टनर सांभाळणं हेच माझं काम, त्यामुळे सरळ सांगतो: घ्या. फक्त मशीन बघायला जाण्याआधी बोअरचं पाणी लॅबला द्या आणि हार्डनेसचा, म्हणजे जडपणाचा, आकडा हातात घ्या. क्लोरिनेटरमधला क्लोरीन तयार करणारा भाग म्हणजे सेल. आपल्याकडे तो म्हातारा होऊन मरत नाही, चुन्याने गुदमरून मरतो.

कारण असं. मिठाचा पूल म्हणजे बिनक्लोरीनचा पूल नव्हे. क्लोरीन दुकानातून आणायच्या ऐवजी पाइपातच तयार होतो, एवढंच. पाण्यात लिटरला साडेतीन ग्रॅमच्या आसपास मीठ ठेवायचं. समुद्रात पस्तीस ग्रॅम असतं, त्यामुळे हे जिभेला जेमतेम लागतं. सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप. वीज सोडली की एका पट्टीवर क्लोरीन निघतो, दुसरीवर हायड्रोजन, आणि त्या दुसऱ्या पट्टीजवळ पीएच बराच चढतो. जड पाण्यातलं कॅल्शियम नेमकं तिथे थर धरतं. गिझरच्या कॉइलवर जे होतं तेच.

आता तुमच्या पुलाचा हिशेब. २५ × १३ × ४ म्हणजे १३०० घनफूट, साधारण ३७,००० लिटर. मे महिन्यात आपल्या उन्हात रोज जवळपास एक सेंटीमीटर पाणी उडतं, म्हणजे दिवसाला ३०० लिटर, महिन्याला ९,००० लिटर. पाणी उडतं, क्षार मात्र खालीच राहतात. बोअरचा हार्डनेस ६०० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) असेल आणि रोज त्याच पाण्याने भर घातली, तर एका महिन्यात पुलाचा हार्डनेस दीडशेने चढतो. बारा महिने असंच चाललं तर कुठलंही मशीन आणा, पट्ट्या पांढऱ्या होणारच. म्हणून माझा पहिला खर्च क्लोरिनेटरवर नसतो, भर घालायच्या लाइनवर छोटा सॉफ्टनर बसवण्यावर असतो. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देतो, आणि मिठाच्या पुलाला सोडियमचं काही वावडं नाही. अख्खा पूल मात्र सॉफ्टनरच्या पाण्याने भरू नका. कॅल्शियम अगदीच नसलं तर पाणी सिमेंटचं प्लास्टर आणि टाइल्सचे सांधे खातं. २०० ते ४०० च्या दरम्यान ठेवा. बोअर त्याच्या फार वर असेल तर पहिल्या भरणीत गोड्या पाण्याचे टँकर मिसळा. नळाचं पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात पुलासाठी नळाकडे बघायलाही संकोच वाटतो. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरी सोडून गच्चीचं पाणी पुलात घ्या, याहून चांगलं पाणी मिळणार नाही.

मशीनची ताकद ताशी किती ग्रॅम क्लोरीन, अशी मोजतात. पाटीवर ‘अमुक लिटरच्या पुलासाठी’ असं लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तो आकडा बहुधा पंप दिवसभर चालेल असं धरून काढलेला असतो. तुमच्या पुलाला उन्हाळ्यात रोज लिटरमागे तीन-चार मिलिग्रॅम क्लोरीन लागेल, म्हणजे दिवसाला ११० ते १५० ग्रॅम. पंप आठ तास चालवणार असाल तर ताशी १४ ते १९ ग्रॅम. म्हणून २५ ते ३० ग्रॅमचं घ्या आणि साठ-सत्तर टक्क्यांवर चालवा. लहान मशीन शंभर टक्क्यांवर रगडलं की सेल लवकर संपतो.

बाकी तीन गोष्टी बघा. थर सुटावा म्हणून पट्ट्यांमधल्या विजेची दिशा आपोआप उलटवणारं मशीन हवं, आणि ती वेळ आपल्याला बदलता आली पाहिजे. जड पाण्यात ती थोडी लवकर उलटवावी लागते, पण फार लवकर उलटवली तर लेप झिजतो. सेल पारदर्शक हवा, न उघडता थर दिसतो. आणि पाणी थांबलं की सेल बंद करणारा फ्लो स्विच हवाच, नाहीतर पाइपात हायड्रोजन साठतो. दुकानदाराला मशीनचा भाव नंतर विचारा, आधी नुसत्या सेलचा भाव विचारा आणि तो पुण्याहून की हैदराबादहून, किती दिवसांत येईल तेही. दर काही वर्षांनी तो घ्यावाच लागतो. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) यांत काटकसर नको. शिडी ३०४ स्टीलची असेल तर गंजेल, ३१६ ची घ्या.

मीठ बिनआयोडीनचं, स्वच्छ, रिफाइंड घ्या. सॉफ्टनरसाठी मिळतं तेच. जाडं खडे मीठ स्वस्त पडतं, पण त्याच्याबरोबर कॅल्शियम-मॅग्नेशियमही येतं. शून्यापासून धरलं तर १३० किलो लागेल; बोअर मुळातच खारं असेल तर कमी. पंप चालू ठेवून, सेल बंद ठेवून मीठ पसरा, ब्रशने ढवळा आणि एक दिवस थांबा. प्लास्टर नवं असेल तर महिनाभर मीठ घालूच नका.

स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड, नसेल तर आपलं ऊन काही तासांत क्लोरीन चाटून टाकतं. ५० पीपीएम पुरे. पण तुम्ही आजवर टाकत होता ती पावडर टीसीसीए ९० असेल तर तिच्यातूनच ते भरपूर साठलेलं असणार, म्हणून आधी तपासा. क्लोरीन ३ पीपीएमच्या आसपास, पीएच ७.२ ते ७.६. हा पीएच सतत वर सरकतो, त्यामुळे आठवड्यातून एक-दोनदा थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घालणं सुटत नाही. जाहिरातीत हे सांगत नाहीत.

मशीन ‘मीठ कमी’ दाखवू लागलं की लगेच गोणी फोडू नका. सेलवर थर असला किंवा सेल थकला तरी मशीन हेच दाखवतं. आधी सेल बघा, मग क्लोराइड तपासायच्या कागदी पट्टीने मीठ मोजा. टीडीएस मीटर इथे फसवतो, तो बोअरचे सगळेच क्षार मोजतो.

थर दिसला तरच सेल धुवा, तारखेप्रमाणे नको, कारण प्रत्येक धुण्यात लेप थोडा जातो. वीज बंद करून सेल काढा, पाण्याचा फवारा मारा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. तरी निघालं नाही तर प्लास्टिकच्या बादलीत दहा भाग पाणी घेऊन त्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड ओता, ॲसिडात पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा, उघडी हवा. बुडबुडे थांबले की बाहेर काढा. वायरीचं टोक भिजू देऊ नका. हे ॲसिड क्लोरीनच्या डब्याजवळ ठेवू नका, दोन्ही मिसळले तर विषारी वायू निघतो. आणि शहाबादी फरशीवर हे काम करू नका. ती चुनखडीची, ॲसिड पडलं की फसफसून खड्डा पडतो. पुलाच्या काठाला शहाबादी असेल तर मिठाच्या शिंतोड्यांनीही ती हळूहळू पापुद्रे सोडते. काठ रोज साध्या पाण्याने धुवा किंवा तेवढा पट्टा ग्रॅनाइटचा करून घ्या.

फिल्टर बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलट्या दिशेने धुतलेलं, पाणी डाळिंबाला किंवा कुठल्याच झाडाला सोडू नका. काळ्या मातीत मीठ बसलं की ते काढणं महाकठीण. ड्रेनेजला सोडा, बोअरपासून लांब.