बाकीचा रकाना

"मॅडम, मी आठ पुस्तकं मागे आहे."

समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत टेकता टेकता त्या हे म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं वाचनालयाची पुस्तकं परत करायची राहून गेली असतील. 2024 चा ऑगस्ट होता, जळगावात सकाळपासून पाऊस होता आणि या ताई अमळनेरहून रेल्वेने भिजत आल्या होत्या. (त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.) वय चाळिशीच्या आत-बाहेर, एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात) हिशेबाचं काम, घरी नवरा, सासूबाई आणि चौथीतला मुलगा.

एक जानेवारीला त्यांनी ठरवलं होतं: वर्षात 24 पुस्तकं, महिन्याला दोन. मैत्रिणींच्या सांगण्यावरून फोनवर एक अ‍ॅपही घेतलं होतं, कितीने मागे आहात ते सांगणारं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत पंधरा व्हायला हवी होती, झाली होती सात. "साधं एवढंसुद्धा जमत नाही. माझं लक्षच लागत नाही कशात. डोक्याला काही झालंय का?"

हा प्रश्न मला वर्षाकाठी बरेच जण विचारतात. कुणाचं चालणं सुटलेलं असतं, कुणाची पोथी, कुणाचं इंग्रजी शिकणं. आधी मी झोप, भूक, कामातल्या चुका, रडू येणं, जगण्यातला रस याविषयी विचारते. वाचनच नव्हे तर सगळंच नकोसं झालं असेल आणि तसं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर पुस्तकांचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायला हवं. ताईंचं तसं काही नव्हतं. जेवण ठीक, झोप नको तितकी चांगली, हिशेबात पैशाची चूक नाही. मग पुस्तकाचा विषय निघाला की घसा का दाटून यायचा?

इथे मी एक चूक केली. वेळापत्रक काढून दिलं. रात्री साडेनऊ ते दहा, फोन दुसऱ्या खोलीत, पुस्तक उशाशी. पंधरा दिवसांनी ताई आल्या त्या आणखी खजील होऊन. तिसऱ्या पानावर डोळा लागायचा, पुस्तक छातीवर पडायचं, सकाळी आधी तेच दिसायचं. पहिल्यांदा पुस्तकांचं ओझं घेऊन आल्या होत्या, आता माझ्या वेळापत्रकाचंही. बसमध्ये वाचा म्हटलं, तर त्यांना बसमध्ये अक्षरांकडे पाहिलं की मळमळतं. माझे सल्ले संपले होते. म्हटलं, पुढच्या वेळी तुमची वाचनाची वही घेऊन या. अ‍ॅपशिवाय वहीही होती, हे एव्हाना कळलं होतं.

वही बघितली आणि इतके दिवस मी चुकीच्या जागी खणत होते हे लक्षात आलं. सुरेख अक्षर, पट्टीने आखलेले रकाने: महिना, उद्दिष्ट, झाले, बाकी. बाकी लाल शाईने. आणि दर महिन्याच्या पहिल्या ओळीत "मागील बाकी" पुढे ओढलेली. जानेवारीत दोनपैकी एक झालं, म्हणून फेब्रुवारीचं उद्दिष्ट तीन. मार्चचं चार. ऑगस्ट उजाडताना दहाच्या घरात. सावकाराच्या चोपडीत असते तशी ही बाकी वाढत गेली होती, आणि सावकारही त्या, कुळही त्याच.

"या सातपैकी सातही पूर्ण वाचलीत?" मी सहज विचारलं. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "एकाची शेवटची चाळीस पानं राहिलीत. लिहून टाकलं, झालं म्हणून." आणि हळूच, "दोन तर मुलाची आहेत. पातळ होती म्हणून घेतली." जिच्या हिशेबात वर्षभरात रुपयाची फिरवाफिरव नाही, ती बाई स्वतःच्या वहीत खोटी नोंद करत होती. घसा दाटून येत होता तो यामुळे.

मी विषय बदलला, निदान मला तसं वाटलं. "तुमच्याकडे कापसाची आवक वर्षभर सारखी असते का?"

त्या हसल्याच. "दसऱ्यापासून सुरू होते मॅडम. दिवाळीनंतर तर गेटबाहेर ट्रॅक्टरची लाइन. काट्याच्या पावत्या, शेतकऱ्यांची पेमेंटं, रुई, सरकी, गाठींची नोंद. घरी यायला रात्रीचे नऊ. मार्चपर्यंत असंच. मग मार्च एंड. मे महिन्यात कुणी फिरकत नाही."

"मग मालकाने वर्षाच्या आवकीला बाराने भागून मे महिन्यात तुम्हाला विचारलं, एवढे क्विंटल कुठे गेले, तर?"

"वेडा म्हणीन त्याला."

बोलल्या आणि वहीकडे बघत थोडा वेळ गप्प बसल्या. मीही बसले.

एक जानेवारी हा त्यांच्या वर्षाचा सगळ्यात वाईट दिवस होता. ऐन हंगामात ठराव केला, पहिल्या तीन महिन्यांत तो बुडणारच होता, आणि नंतरचे मोकळे महिने मागची बाकी फेडण्याच्या धाकात गेले. त्याच फेब्रुवारीत अमळनेरला 97 वं साहित्य संमेलन झालं, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ग्रंथप्रदर्शनातून हौसेने अकरा पुस्तकं आणली. ती कपाटावर पिशवीतच होती, कारण "आधीची झाल्याशिवाय उघडायची नाहीत."

आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होतं नि आखाजीलाच संपतं, हे खानदेशात शेती असलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. त्यांच्या माहेरीही दोन सालदार होते. मग वाचनाचं साल आखाजीपासून का नको? यावर त्या एवढ्या खुलल्या की पुढची आखणी त्यांनीच केली, मी फक्त आकडे तपासले. खोलीत घड्याळ लावून एक पान वाचून घेतलं: दोन मिनिटांना थोडं कमी. रोज वीस पानं म्हणजे चाळीस मिनिटं. आखाजी ते दसरा पाच-साडेपाच महिने धरले तर तीन हजारांवर पानं होतात, दोनशे पानी पंधरा-सोळा पुस्तकं. श्रावणातले कानबाईच्या सणाचे दिवस, पाहुणे, लग्नं, आजारपणं यांत निम्मे दिवस गेले असं समजलं तरी सात-आठ उरतात. जाडजूड कादंबऱ्या या दिवसांत. दसऱ्यापासून मार्चपर्यंत कविता, एखादा लेख, नाहीतर काहीच नाही. या महिन्यांना उद्दिष्टच ठेवलं नाही.

वही बदलली. नव्या वहीत तारीख, पुस्तक, "कुठून कुठपर्यंत" आणि एक ओळ मनात राहिलेलं. बाकीचा रकाना नाही. त्याऐवजी "सोडले" असा एक, कारण पन्नास पानांत गोडी लागली नाही तर पुस्तक मिटायची मुभा मी आग्रहाने दिली. (काही वाचकांना हे पटत नाही. हाती घेतलं की तडीस न्यावं म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी न्यावं.) अ‍ॅप काढायला मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच काढलं.

खंड पडला की सगळं मुसळ केरात, ही धास्ती मात्र जाईना. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा 2010 चा अभ्यास मी सांगितला. 96 जणांनी रोजची एक नवी सवय लावून पाहिली. ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 तर कुणाला 254 इतके दिवस लागतील असं दिसलं, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने सवयीचं म्हणण्यासारखं नुकसान झालं नाही. ताईंनी वहीच्या पुठ्ठ्यावर 254 लिहून घेतलं. 66 नाही!

आणखी एक शंका होती. मुलाला झोपताना 'श्यामची आई' मोठ्याने वाचून दाखवतात, ती शाळेत असतानाच वाचलेली, मग ती धरायची का? ज्या अमळनेरला साने गुरुजी शिकवायचे तिथलीच बाई मला हे विचारत होती. ते पुस्तकच रात्रीरात्रींनी मांडलेलं आहे. धरा म्हटलं, एक रात्र एक नोंद.

डिसेंबरात त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. 11 नोव्हेंबरनंतर एक आडवी रेघ, तिच्यावर "हंगाम" आणि खाली थेट 6 डिसेंबर: "श्यामची आई, मागच्या रात्रीपासून पुढे." मधले चोवीस दिवस कुठे ओढून आणले नव्हते. फोटोखाली निरोप होता. त्या कामावरून दमून आल्या होत्या, आज नको म्हणत होत्या, तर पलीकडच्या खाटेवरून सासूबाई ओरडल्या, "मंग पुढे काय व्हयनं?" त्यांना अक्षरओळख नाही. पडल्या पडल्या ऐकतात हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या रात्री दोन रात्री वाचाव्या लागल्या म्हणे, आणि वहीत किती नोंदी करायच्या असं विचारलं होतं.