जुने पूल दुरुस्त करत बसण्यापेक्षा पाडून नवे का बांधत नाहीत?

'पुलाचं वय झालं की पाडावा, दुरुस्तीवर पैसे कशाला,' असं तुम्ही विचारलंय. हे मी नोकरीभर ऐकलं, म्हणून लिहितोय.

पूल वयाने जात नाही, पाण्याने जातो.

मी रस्त्यांच्या कामावर शाखा अभियंता होतो. माझ्या हद्दीत एक काँक्रीटचा पूल होता. मंत्र्यांचा दौरा लागला आणि वरून निरोप आला, पुलावर कार्पेट, म्हणजे डांबराचा नवा थर, टाकून घ्या. मी म्हटलं, आधीचं डांबर खरवडून काढू, मग टाकू. थरावर थर चढलेच होते. प्रत्येक थर म्हणजे पुलावर कायमचं ओझं, शिवाय कठड्याच्या कडेला पाणी जायचे पाइप असतात, त्यांची तोंडं बुजतात. साहेब म्हणाले, 'खरवडायला वेळ कुठाय? पाइपांचं नंतर बघू.' मी लेखी टिपणी दिली. ती फाइलला लागली आणि डांबर रात्रीत पडलं.

ते पाइप कुठे आहेत हे आमच्या मैलकुली (रस्त्याची देखभाल करणारे कामगार) मामांना पाठ होतं. पावसाआधी पहार घेऊन ते मोकळे करायचे. मामा निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही. मग पुलावर पाणी तुंबायला लागलं. तुंबलेलं पाणी जॉइंटमधून, म्हणजे दोन गाळ्यांमधल्या फटीतून, उतरतं ते थेट खांबाच्या माथ्यावर आणि बेअरिंगवर, म्हणजे पूल खांबावर ज्यावर टेकतो त्या भागावर. सळई गंजते, गंज फुगतो, काँक्रीट फुटून पडतं. आमच्या पुलाचं हेच झालं. बेअरिंग जाम, सळया उघड्या, आणि ऐन पेरणीत अवजड वाहतूक बंद. पलीकडच्या गावांची एसटी लांबून फिरून जायला लागली. निरोप समारंभात साहेब म्हणाले, 'पूलच म्हातारा झाला होता.' नाही साहेब. आताच्या मानकांप्रमाणे पूल १०० वर्षांच्या हिशेबाने आखतात, आणि तेवढ्यात जॉइंट, बेअरिंग बदलावेच लागतात. हा पूल त्याच्या निम्म्या वयालाही पोचला नव्हता.

महाडचा सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या त्यावरून नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात तो तपासून वाहतुकीला योग्य ठरवला होता. पायाखालचं पाणी काय कोरून नेतंय, ते पुलावर उभं राहून दिसत नाही. त्यासाठी पात्रात उतरावं लागतं. तिथला नवा पूल १६५ दिवसांत बांधला. त्याचं कौतुक मलाही आहे. पण १६५ दिवसांत पूल बांधू शकणाऱ्या राज्याला दर मे महिन्यात पाइप साफ करायला चार माणसं का मिळू नयेत? कारण सरळ आहे, पाइप साफ केल्याची कोनशिला बसत नाही.

काही पूल पाडावेच लागतात, हेही खरं. पाया उघडा पडलाय, खांबांमधले गाळे अरुंद असल्याने पूर अडतोय, तिथे डागडुजी करत बसू नये. पण तो निर्णय तपासणीनंतरचा.

तुमच्या गावच्या पुलाबद्दल माहिती अधिकारात अर्ज टाका. वय विचारू नका. पाइप शेवटचे कधी साफ केले, बेअरिंग कधी बदलले, डांबराचे थर किती, पाया पाण्याखाली कोणी पाहिला, एवढं विचारा. आणि फाइलमधल्या टिपण्यांच्या प्रती मागा. माझी अजून तिथेच असेल, तारखेसकट.