उपप्रश्नाची तयारी ठाण्यातून कर

नौपाडा, ठाणे

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तुझ्या मागे इतका गलका होता की मी सांगितलेलं निम्मं तुझ्या कानावर पडलं नसेल. असल्या गोष्टी कागदावर असलेल्या बऱ्या, म्हणून हे पत्र.

तू मंत्र्यांच्या कार्यालयात संसदेचं काम बघणार, याचा आनंद आहेच. पण जागा सोपी नाही. मनोहर लाल यांच्याकडे 2024 च्या जूनपासून गृहनिर्माण आणि शहरी कामकाज आहे, शिवाय ऊर्जाही आहे. म्हणजे घर मिळेना, मेट्रो येईना आणि लाइट गेली, या तिन्ही तक्रारींना उत्तर एकाच माणसाने द्यायचं. हे काही आजचं नाही म्हणा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात आपल्या काकासाहेब गाडगिळांकडे बांधकाम, खाणी आणि वीज अशी मोट होती.

नियम तुला शिकवले असतीलच. लोकसभेत अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास, दिवसाला 20 तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, आणि 230 अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचे, राज्यसभेत बारा वाजता, 15 आणि 160. निदान पंधरा दिवसांची नोटीस, प्रश्न साधारण दीडशे शब्दांच्या आत. हे आठवडाभरात अंगवळणी पडतं. अंगवळणी पडत नाही ती गोष्ट वेगळी आहे.

तारांकित प्रश्नाची वेळ आली की मंत्री उभे राहून एवढंच म्हणतात, "विवरण सभागृहाच्या पटलावर ठेवलं आहे." तुम्ही रात्र-रात्र जागून लिहिलेला मसुदा त्या एका वाक्यात संपतो. खरी परीक्षा पुढे. प्रश्नकर्त्या खासदाराला दोन उपप्रश्न विचारता येतात, मग अध्यक्ष इतरांना संधी देतात. उपप्रश्न आधी कुणालाही कळत नाही. त्यासाठी फाइलला एक जाडजूड टिपण जोडलेलं असतं, आणि अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसलेली मंडळी चिठ्ठ्या पाठवत असतात. हे टिपण बहुतेक ठिकाणी दिल्लीतल्याच कागदांवरून तयार होतं: योजनेची मार्गदर्शक तत्त्वं, मागच्या अधिवेशनातली उत्तरं, खर्चाचे तक्ते. खासदाराचा उपप्रश्न मात्र मतदारसंघातून येतो. त्यांना आदल्या रविवारी कुणीतरी कळव्याला किंवा कोपरखैरण्याला गाठून जे सुनावलेलं असतं, तेच ते सभागृहात बोलतात. मला तुला एकच सांगायचंय: उत्तर दिल्लीत लिही, उपप्रश्नाची तयारी ठाण्यातून कर.

नमुन्यादाखल एक प्रश्न घेऊ. नवी मुंबईत पंतप्रधान आवास योजनेखाली किती घरं मंजूर झाली, किती पूर्ण झाली, आणि ती लोकांना कधी मिळणार? संबंधित विभागाकडून येणाऱ्या मसुद्याचं पहिलं वाक्य मी तुला इथे बसून सांगतो: "जमीन आणि वसाहत हे राज्याचे विषय आहेत." वाक्य खरं आहे, घटनेच्या सातव्या अनुसूचीत तसंच आहे, राहू दे. दुसऱ्या परिच्छेदात योजनेची आरती: 25 जून 2015 ला सुरुवात, 1 सप्टेंबर 2024 पासून दुसरा टप्पा, 1 कोटी घरांचं लक्ष्य. तिसऱ्यात "राज्यनिहाय तपशील परिशिष्टात दिला आहे." संपलं. विचारलं होतं नवी मुंबईचं, हाती पडला अख्खा महाराष्ट्र. यात खोटं काहीच नाही, आणि म्हणूनच असला मसुदा पाच सह्यांमधून बिनबोभाट पार होतो.

मग खासदार उभे राहतात आणि विचारतात, "तळोज्यात इमारत उभी आहे, मग माणूस अजून भाड्याने का राहतो?" टिपणात याचं उत्तर नसतं. तू तिथल्याच हवेत वाढलीस, तुला ठाऊक आहे: इमारत उभी राहते ती एक तारीख, भोगवटा प्रमाणपत्र मिळतं ती दुसरी, किल्ली हातात पडते ती तिसरी आणि नळाला रोज पाणी यायला लागतं ती चौथी. मंत्रालयाच्या पोर्टलवर मुख्य रकाने मंजूर, काम सुरू आणि पूर्ण असे असतात. पुढचं सगळं सिडकोच्या, महापालिकेच्या दप्तरात. घराची किंमतही सिडको ठरवते आणि सिडको ही राज्य सरकारची कंपनी. परवडणाऱ्या घरांच्या घटकात केंद्राची मदत घरामागे दीड लाख रुपये. हे असंच, याच क्रमाने टिपणात लिही. कुठला आकडा कुणाकडे आहे आणि कुठल्या तारखेपर्यंतचा आहे, हे मंत्र्यांच्या समोर असलं म्हणजे ते ठामपणे सांगू शकतात की दीड लाखाचा हप्ता आम्ही अमुक तारखेला दिला, ताबा सिडको देणार आहे आणि सिडकोने आम्हाला अमुक कळवलं आहे. विरोधी बाकांवरूनही मग फार आवाज येत नाही. आवाज येतो तो गोल गोल बोलल्यावर.

"राज्याचा विषय" या वाक्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. जो विषय मुळात भारत सरकारच्या अखत्यारीतला नाही, तो प्रश्न लोकसभा सचिवालय स्वीकारतच नाही, तिथेच चाळणी लागते. प्रश्न तुझ्या टेबलावर पोचला याचा अर्थ केंद्राचा काहीतरी धागा त्यात आहे. तो धागा शोधणं हे तुझं काम. ठाण्यातल्या किसननगरच्या क्लस्टरबद्दल, म्हणजे जुन्या इमारतींच्या सामूहिक पुनर्विकासाबद्दल, विचारलं असेल तर धागा बारीक असेल, दोन ओळींत सांगून मोकळं हो. बिल्डरने ताबा रखडवल्याबद्दल असेल तर 2016 चा रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, केंद्राचा, आणि तक्रार ऐकणारं महारेरा प्राधिकरण राज्याचं. दोन्ही लिही. नुसतं दुसरं लिहून हात झटकू नकोस.

आणखी एक खोड तुला रोज दिसेल. प्रश्नाचे पाच भाग असतात आणि उत्तरात पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळ्यांची एकच मोळी बांधलेली असते. पाच भागांतला एक अडचणीचा असतो, "विलंबाची कारणे काय?" हा. मोळीत तो हरवतो. आपल्या विधानसभेत निदान भाग सुटे असतात. "हे खरे आहे काय?" "असल्यास, कोणती कार्यवाही केली?" आणि खाली "अंशतः खरे आहे" किंवा ते अजरामर "प्रश्न उद्भवत नाही." त्याला कितीही नावं ठेवा, पण तिथे हात वर केलेला सरळ दिसतो. मोळी बांधलेला मसुदा आला की आधी ती सोड, प्रत्येक भागासमोर त्याचं उत्तर लिहून बघ. कोणता भाग कोरा राहिला ते लगेच कळतं. उपप्रश्न बहुतेक वेळा त्याच कोऱ्या जागेतून येतो. मधू लिमयेंसारखी माणसं सभागृहात होती तेव्हा मंत्री घरून अभ्यास करून यायचे ते काही हौस म्हणून नव्हे.

मेट्रोचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं, कारण "ठाण्याची मेट्रो" म्हटलं की दिल्लीतल्या माणसाला एकच मेट्रो वाटते. घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला तसं वाटत नाही. कासारवडवलीकडे येणारी मेट्रो 4, वडाळा आणि घाटकोपरवरून निघणारी, ती एमएमआरडीएची, म्हणजे राज्याच्या मुंबई महानगर विकास प्राधिकरणाची. ठाण्याची अंतर्गत वर्तुळाकार मेट्रो निराळी: केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी 16 ऑगस्ट 2024 ची, 29 किलोमीटर, 22 स्थानकं, 12,200 कोटी रुपये, काम महामेट्रोकडे, म्हणजे केंद्र आणि राज्याच्या संयुक्त कंपनीकडे, मुदत 2029. तिच्यात केंद्र आणि राज्याचं समान भागभांडवल आहे. बेलापूर ते पेंधर धावते ती तिसरीच, सिडकोची, नोव्हेंबर 2023 पासून सुरू. आपल्या परिसरातल्या या तीन मेट्रो आणि त्यांचे तीन मालक. केंद्राचं निम्मं भागभांडवल जिच्यात आहे तिच्याबद्दल मंत्र्यांनी जबाबदारीने बोललंच पाहिजे. दुसऱ्या दोन्हींबद्दल उत्साहाच्या भरात तारीख देऊन टाकली तर ती त्यांच्या गळ्यात पडेल.

गळ्यात पडेल हे मी शब्दशः म्हणतोय. सभागृहात "तपासून बघतो", "विचाराधीन आहे", "माहिती गोळा करून पटलावर ठेवू" असं काहीही निघालं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. शासकीय आश्वासन समिती त्याच्या मागे लागते आणि तीन महिन्यांत पूर्तता अपेक्षित असते. मुदत वाढवून घेत घेत आश्वासनांचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडतं, हेही खरं. माहिती नसेल तर "गोळा करत आहोत" हे प्रामाणिक वाक्य आहे, जरूर वापर. पण माहिती शेजारच्या खोलीत असताना ते वापरणं म्हणजे वेळ मारून नेणं, आणि पुढचा पत्रव्यवहार तुलाच करायचा आहे.

आता वीज. वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत, त्यामुळे इथेही तयार वाक्य आहे: ग्राहकाला पुरवठा करणं हे राज्याचं आणि वितरण कंपनीचं काम. पण कळव्याच्या तुझ्या मावशीचं बिल एकदा समोर ठेवून बघ. मुंब्रा, शीळ आणि कळवा भागाचं वितरण मार्च 2020 पासून टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे आहे, फ्रँचायझी म्हणून, म्हणजे महावितरणच्या वतीने. मूळ परवाना महावितरणचा. दर ठरवणार राज्याचा वीज नियामक आयोग. तो आयोग ज्या कायद्याखाली चालतो तो 2003 चा विद्युत कायदा केंद्राचा. वितरण सुधारण्यासाठी 2021 ची जी योजना आहे, ज्यात स्मार्ट मीटर येतात, तिला केंद्राचं अनुदान. त्या एका बिलामागे चार दारं. मावशी कुठलं दार ठोठावणार? खासदार तिच्या वतीने तुमचं ठोठावतात. मंत्र्यांनी चारही दारांची नावं सांगितली आणि आपल्या दारामागे काय आहे ते सांगितलं, तर पुढचं पत्र खासदार बरोबर ठिकाणी पाठवतील. "राज्याशी संबंधित" एवढ्यावर भागवलं तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न नवा क्रमांक घेऊन परत येईल.

गच्चीवरच्या सौर पॅनलचा प्रश्न आला तर जपून. सोसायट्यांमध्ये सध्या त्याचीच चर्चा आहे: घरगुती जोडणीला 3 किलोवॉट किंवा जास्त असेल तर 78,000 रुपये अनुदान, सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे 18,000. सूर्यघर योजना ती हीच, पण ती ऊर्जा मंत्रालयाची नाही, नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची. तो प्रश्न त्याच दिवशी तिकडे वर्ग करायला घे, आणि त्यांची संमती लेखी आल्याशिवाय आपल्या यादीतून काढू नकोस. टोलवाटोलवीत दिवस गेले तर उत्तर शेवटी तुम्हालाच द्यावं लागतं, तेही तयारी नसताना.

12 ऑक्टोबर 2020 तुला आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात, लोकल जागच्या जागी उभ्या. बिघाडाची चर्चा कळवा–पडघे वाहिन्यांभोवती, म्हणजे आपल्या दारात. राज्यभरच्या विजेचं नियंत्रण करणारं भारप्रेषण केंद्रही ऐरोलीला, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पुढच्या मार्चमध्ये राज्याचे गृहमंत्री प्राथमिक अहवालाच्या आधारे सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवत होते आणि केंद्रीय ऊर्जामंत्री ही मानवी चूक असल्याचं सांगत होते. घटना एक, सरकारं दोन, कारणं दोन. असा विषय प्रश्नात आला की मसुद्यात कारण लिहिताना ते कुठल्या चौकशीतून आलं, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे. आणि राज्याने काय म्हटलं आहे ते टिपणात हवंच. खासदार ते कात्रण हातात घेऊनच उभे राहतील, आणि मंत्र्यांना ते तिथे पहिल्यांदा कळता कामा नये.

ठाण्यातून तयारी म्हणजे प्रत्यक्ष काय, तर फोन. सिडकोत, महामेट्रोत, महावितरणच्या मंडल कार्यालयात जो माणूस खरोखर तक्ता भरतो, त्याला फोन. साहेबाला नको, साहेब त्यालाच विचारतो. मराठीत बोल, आधी त्याची अडचण ऐक, मग आकडा माग. त्याने तोंडी सांगितलेलं उत्तरात कधीही घालायचं नाही, ते ईमेलवर येऊ दे. पण "मॅडम, हा आकडा देताय खरा, पण यात दोन इमारती धरलेल्या नाहीत" हे तो फोनवरच सांगणार.

मंत्र्यांना जाड टिपण देऊ नकोस. सर्वांत वर एकच पान ठेव, मोठ्या अक्षरात. ते हरियाणाचे. घोडबंदर रोड म्हणजे काय हे त्यांना एका ओळीत सांग, आणि गावांची नावं नागरीत नीट लिहून दे. कासारवडवली आणि बाळकुम ही नावं हिंदीभाषक माणसाला आयत्या वेळी दगा देतात, आणि मग महाराष्ट्राच्या बाकांवर हशा पिकून चांगलं उत्तर वाया जातं. चुकून आकडा चुकीचा गेलाच तर लपवाछपवी करू नका. दुरुस्तीचं निवेदन करण्याची रीत आहे, ते लवकर करावं.

कुठल्या मंत्रालयाने कुठल्या वारी उत्तरं द्यायची तो गटवारीचा तक्ता आला की तुमच्या दोन्ही मंत्रालयांचे वार मला कळव, म्हणजे त्या दिवशी मी टीव्हीसमोर बसेन. मसुदा मात्र आधी पाठवू नकोस, मी कितीही मागितला तरी. पटलावर जाईपर्यंत तो गोपनीय असतो. गेल्यावर संकेतस्थळावरून काढून वाचेन आणि लाल पेनाने खुणा करून पाठवेन. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका