विचारा की! : सॅक ऑलिव्ह घ्यायची का राणी कलरची?

या महिन्यात ट्रेकच्या सामानाच्या रंगाबद्दलच एवढे प्रश्न आलेत की बूट आणि स्लीपिंग बॅगवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार. नेहमीसारखं नाव कुणाचं छापत नाही, गाव तेवढं टाकतो.

प्रश्न : दादा, मी साताऱ्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर रेग्युलर ट्रेक सुरू करायचेत म्हणून सॅक, जॅकेट, टॉर्च, छोटा चाकू, दोघांचा टेंट असं सगळं ऑनलाइन कार्टमध्ये टाकून ठेवलंय, सगळं ऑलिव्ह ग्रीन नाहीतर कॅमो (फौजी छापाचं), कारण सर्व्हायव्हलवाले व्हिडिओत तेच वापरतात आणि दिसतंही भारी. आई म्हणते केशरी घे, लांबून दिसशील तरी. मित्र म्हणतात केशरी घातलं तर रस्त्यावर काम करणारा वाटशील. काय करू? (सातारा)

उत्तर : आईचं ऐक. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

तीनेक वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही सहा जण वाईच्या बाजूनं पांडवगडावर गेलेलो. आमच्यातल्या एकाला तुझ्यासारखाच नाद, खाकी पँट, ऑलिव्ह जॅकेट, ऑलिव्ह सॅक, टोपीसुद्धा मातकट. उतरताना बुटाची नाडी बांधायला म्हणून हा मागं राहिला आणि नंतर पायवाट सोडून ढोरवाटेला लागला, पाय मुरगळला आणि घसरत वीसेक फूट खाली गवतात जाऊन पडला. आम्ही खाली येऊन मोजतोय तर पाचच. परत वर चढलो. तो हाका मारत होता, आम्हाला ऐकू पण येत होत्या, पण कड्यावर आवाज आपटला की तो नक्की कुठनं येतोय तेच कळत नाही राव! नंतर त्यानं सांगितलं की आम्ही त्याच्या डोक्यावरनं दोनदा गेलो, त्याला आम्ही लख्ख दिसत होतो आणि आम्हाला मात्र वाळलेलं गवत सोडून काही दिसत नव्हतं. शेवटी त्यानं सॅकमधनं डब्याची पिशवी काढून हलवली. ती त्याच्या लेकीची, गडद गुलाबी, वर ससा. घाईत घरनं तीच उचलून आणली होती म्हणून सकाळी एसटीत आम्ही त्याची जाम खेचलेली. तो ससा दिसला आणि माणूस सापडला.

तर मुद्दा असा की व्हिडिओतल्या लोकांना लपायचं असतं, कुणाला शिकारीसाठी, कुणाला नुसतं कॅमेऱ्यासाठी. तू लपून काय करणार? आपल्याकडं शिकारीला बंदी आहे, शत्रू कोण नाही, आणि अडचणीत सापडलास तर गाववाले नाहीतर रेस्क्यूवाली पोरं तुला शोधायला येणार, ती पण बहुतेक अंधार पडत आल्यावर.

दुसरं म्हणजे चटक रंग घेतला की काम झालं असंही नाही. आपल्या डोंगराचा रंग वर्षातनं दोन-तीनदा बदलतो. जून ते सप्टेंबर सगळं हिरवं, तेव्हा पोपटी जॅकेट दुकानात कितीही डोळ्यात भरलं तरी डोंगरात विरघळतं. नोव्हेंबरपासनं गवत पिवळं पडतं, मग खाकी, बिस्किट कलर, फिका पिवळा सगळे गायब. कासला तर गंमतच, सप्टेंबरात सोनकी फुलली की पिवळा रेनकोट गेला आणि तेरडा फुलला की गुलाबी गेला! पण पठार थोड्याच दिवसांसाठी रंगतं, त्याच्यासाठी नियम बदलायची गरज नाही. वर्षभर चालणारे रंग म्हणजे भडक केशरी आणि आपल्या साडीच्या दुकानात ज्याला राणी कलर म्हणतात तो. विमानाच्या ब्लॅक बॉक्सला नाव काळं असलं तरी रंग भडक केशरीच देतात, ढिगाऱ्यात सापडावा म्हणून.

लाल घेऊ का असं विचारशील. दिवसा उत्तम, संध्याकाळी बेकार. दिवेलागणीला अंगणातली जास्वंद बघ, पानं अजून दिसत असतात आणि फूल काळं पडलेलं असतं. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागं पडतात आणि अंधारात काम करणाऱ्या पेशी पुढं येतात, आणि त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं 19व्या शतकातच हे टिपून ठेवलंय. ट्रेकमधला माणूस हरवतो तो साधारण त्याच वेळेला, म्हणून लालभडक टीशर्टवर भिस्त ठेवू नको. निऑन पिवळा-हिरवा त्या वेळेला सगळ्यात चांगला दिसतो, कारण तो डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण घेऊन त्याचा दिसणारा उजेड करतो, पण गच्चीवर उन्हात टाकून ठेवलास तर तो लवकर विटतो, हे पण लक्षात ठेव.

आता तुझं कार्ट. सॅक ऑलिव्ह राहू दे, मळ दिसत नाही आणि कॉलेजला पण चालते, फक्त रेनकव्हर केशरी घे आणि पाऊस नसला तरी ते वरच्या कप्प्यात ठेव. जॅकेट मात्र बदल. टेंटचं बाहेरचं कापड फिकट किंवा मातकट असलं तरी हरकत नाही, पठारावर मुक्काम असला की पाच-सहा निऑन टेंट बाकीच्यांच्या डोळ्यात खुपतात, हे मला पण पटतं, पण टेंटच्या ताणाच्या दोऱ्या चमकणाऱ्याच हव्यात, नाहीतर रात्री लघवीला उठलेला पहिला माणूस तोंडावर पडणार. टॉर्च आणि चाकू हिरवे अजिबात नको. पाण्यात पडलेलं सापडेल एकवेळ, करवंदीच्या जाळीत पडलेला हिरव्या मुठीचा चाकू सापडत नाही, माझे दोन गेलेत. घेतलाच असशील तर मुठीला राणी कलरची रिबन गुंडाळ, दहा रुपयांचं काम.

आणि शिट्टी घे. अडकलास की मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट गप्प, परत सहा. उत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांचं येतं. रंग दिसायला समोर कुणीतरी बघणारा लागतो, आणि त्याला थांबून बघायला शिट्टी लावते.

प्रश्न : आम्ही महिला मंडळाच्या आठ जणी वासोट्याला जायचं ठरवतोय. कुणी म्हणतं भडक कपडे घालू नका, जनावर अंगावर येतं, मधमाश्या चावतात. खरं का? (कराड)

उत्तर : काकू, अर्धं खरं. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, बामणोलीहून लाँचनं जायचं, वनखात्याची परवानगी काढायची, गडावर मुक्काम नाही. गवा, सांबर, भेकर यांना केशरी आणि हिरवा यातला फरक नीट कळतच नाही, म्हणून तर केशरी वाघ हिरव्या झाडीत त्यांना दिसत नाही. उलट निळा रंग त्यांना चांगला कळतो. पण रंगाच्या आधी त्यांना तुमचा वास आणि तुमच्या आठ जणींच्या गप्पा कळणार, तेव्हा कपड्यांची एवढी काळजी नको. पक्षी-प्राणी बघायचेच असतील तर गप्प बसा, रंग आपोआप माफ होतो.

मधमाश्यांचं मात्र सिरियसली घ्या. कड्याला आग्या मोहोळ असतात. माश्या चवताळल्या की काळ्या आणि गडद रंगाकडं जास्त धावतात, मधपाळ पांढरे कपडे घालतात ते त्याचसाठी. त्यामुळं काळा ड्रेस, काळी ओढणी नको, आणि सेंट, गजरा, धूर तर नकोच नको. ओल असेल तर जळवा पण भेटतील, पायात फिकट रंगाचे मोजे घातले की चढलेली लगेच दिसते.

प्रश्न : भाऊ, मी ट्रेकर नाही, शेतकरी आहे. उसाला रात्रीची लाइट असते, पाणी पाजायला एकटाच जातो. काय घालू? विळा-खुरपं पण रोज हरवतंय. (वाळवा, जि. सांगली)

उत्तर : हा खरा सर्व्हायव्हलवाला! माझी आजी विळ्याच्या मुठीला लाल चिंधी बांधायची, दिवसा बरोबर, रात्री उपयोग नाही, वर सांगितलेली जास्वंदीची भानगड. ट्रॅक्टर-ट्रॉलीला लावतात ती रिफ्लेक्टर टेप मिळते, तिचा बोटभर तुकडा खुरप्याला, विळ्याला, बॅटरीला, मोटरच्या पेटीला चिकटवा. ही टेप स्वतः उजेड देत नाही, ज्या दिशेनं उजेड पडतो त्याच दिशेला परत पाठवते, म्हणून बॅटरी हातात खाली धरण्यापेक्षा डोक्याला बांधलेली बरी, उजेड डोळ्याजवळनं गेला की चमक डोळ्याकडंच येते. करून बघा, उसाच्या सरीत पडलेलं खुरपं लांबनं चमकतं.

अंगावर टेप लावलेलं केशरी जॅकेट घाला, आणि टेप पाठीवर पण हवी, कारण रस्त्याच्या कडंनं घरी येताना गाडी मागनं येते. हंगामात डांबरीवरनं जाताना तर नक्कीच, ऊस भरलेल्या बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या आपण सगळ्यांनीच बघितल्यात, निदान आपण तरी दिसू. जॅकेट चिखलात माखलं की टेप मेली म्हणून समजा, ओल्या फडक्यानं पुसत जा. आणि निघताना घरी सांगून जा की कुठल्या पट्टीत आहे.

प्रश्न : कॅमो पँट घातली तर पोलीस पकडतात का? (सातारा)

उत्तर : आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या इराद्यानं तसा पोशाख घालणं हा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेत कलम 140 होतं, आता न्याय संहितेत 168. बाजारातली रंगीबेरंगी फॅशनची पँट त्यात येत नाही, पण आर्मीनं जानेवारी 2022 मध्ये जो नवीन पॅटर्न आणला त्याची हुबेहूब नक्कल घेऊ नका. आपल्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, घराघरात फौजी. तिकडच्या चहाच्या टपरीवर ती पँट घालून बसलात तर पोलिसांच्या आधी एखादा रिटायर्ड सुभेदार विचारेल, "कुठली युनिट बाळा?"