दर्यापूरहून बकरीच्या डोळ्यांचे नमुने विद्यापीठात रेटिना सेक्शनसाठी (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या पातळ कापांसाठी) कसे न्यावेत?

आधी मशीनचा स्लॉट घ्या, मग खाटकाकडे जा. सामायिक सुविधांमधली उपकरणं भारत सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतात. क्रायोस्टॅट (गोठवलेल्या नमुन्याचे पातळ काप करणारं यंत्र) आणि कॉन्फोकल (लेझरचा सूक्ष्मदर्शक) यांची वेळ वेगवेगळी विचारा.

खरा घोळ फिक्सिंगमध्ये, म्हणजे नमुना रसायनात टिकवण्यात होतो. अख्खा डोळा फॉर्मलिनमध्ये टाकून मोकळं होऊ नका. स्क्लेरा, म्हणजे डोळ्याचं बाहेरचं पांढरं आवरण, जाड असतं. द्रव आत मुरेपर्यंत रेटिना खराब होऊन सुटते. बकरी कापल्यापासून तासाभरात बुबुळाच्या कडेमागे ब्लेडने चीर द्या, बारीक कात्रीने गोल कापत पुढचा भाग आणि भिंग काढा. उरलेली वाटी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये, फ्रिजमध्ये रात्रभर. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. (१० टक्के फॉर्मलिनमध्ये फॉर्मल्डिहाइड ४ टक्क्यांच्या आसपासच असतं; ते आणखी पातळ करण्याची चूक बरेच जण करतात.) बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारद्रावणाने) तीनदा धुऊन ३० टक्के सुक्रोजमध्ये (साखरेच्या द्रावणात) ठेवा, वाटी तळाला बसेपर्यंत. तरंगत असतानाच गोठवली तर बर्फाचे कण पेशी फाडतात आणि सेक्शन चाळणीसारखं दिसतं.

एसटीने न्यायचं ते सुक्रोजमधलंच, पॅराफॉर्मल्डिहाइड सोबत नको. मे महिन्यात ४५ अंशांत थर्मास लागेलच, पण डबी बर्फाला टेकू देऊ नका, मध्ये वर्तमानपत्राची घडी घाला. डबी काठोकाठ भरा; रस्त्यावर हिंदकळलं की रेटिना वाटीतून सुटते. नाव पेन्सिलने लिहा, पेनाची शाई ओलीने पसरते.